प्रोटीनच्या कॅलरी मोजायच्या नसतात म्हणे!

मागच्या दिवाळीपासून आमच्या गावच्या तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. पाठवणारा दर वेळी वेगळा, मजकूर तोच: "वजन कमी करायचंय? कॅलरी मोजणं सोडा. फक्त प्रोटीन वाढवा. प्रोटीनची चरबी होत नाही, कितीही खा. भाकर, पोळी, भात आजपासून बंद. सात दिवसांत चार किलो उतरेल. वरणात प्रोटीन नसतं, म्हणून शाकाहारी माणसाला पावडरशिवाय गत्यंतर नाही." खाली फुगवलेल्या दंडाचं चित्र आणि जोडलेले हात.

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र चालवतो. बियाणं, खत, फवारणीची औषधं विकतो आणि दिवसभर खुर्चीवर बसतो. पण या मेसेजचा प्रयोग दिवाळी ते संक्रांत मी स्वतःच्या अंगावर केला आहे, आणि जमाखर्च लिहिणं हे तर रोजचंच काम.

"प्रोटीनची चरबी होत नाही, कितीही खा."

खरी मेख इथे आहे. १ ग्रॅम प्रोटीनमध्ये ४ कॅलरी असतात. भाकरीतल्या पिष्टात तेवढ्याच, तेलातुपात ९. प्रोटीन पचवायला शरीराला जास्त खटाटोप करावा लागतो हे खरं आहे. त्याच्या २० ते ३० टक्के कॅलरी पचनातच खर्ची पडतात, पिष्टाच्या ५ ते १० टक्केच. तरी १०० कॅलरीचं प्रोटीन खाल्लं तर ७०-८० पदरात पडतातच.

जास्तीच्या प्रोटीनचं पुढे काय होतं ते खतवाल्याला सांगायला सोपं जातं. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतो, आणि नत्र साठवायला शरीराकडे गोदाम नाही. स्नायू, रक्त, केस, नखं यांच्या डागडुजीला लागतं तेवढं प्रोटीन वापरलं जातं. उरलेल्यातला नत्र यकृत बाजूला काढतं, त्याचा युरिया बनवतं आणि तो लघवीवाटे बाहेर जातो. हो, युरियाच. माझ्याकडे ४५ किलोच्या गोणीत येतो तोच पदार्थ, गोणीतल्यावर कडुनिंबाचा लेप असतो इतकंच. नत्र गेल्यावर मागे राहतो तो भाग जळणाच्या कामी येतो. तो जळत असतो तेव्हा भाजीतलं तेल जळायचं राहून जातं आणि ते जाऊन कमरेला बसतं. थेट प्रोटीनपासून चरबी फारशी बनत नाही, एवढं मेसेजवाल्यांचं मला मान्य आहे. पण घरखर्च बायकोच्या पगारात भागला आणि कापसाचे पैसे बँकेत तसेच राहिले, तर शिल्लक वाढली की नाही?

अमेरिकेत लुईझियानातल्या पेनिंग्टन संशोधन केंद्राने हे माणसांवर तपासलं, निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. २५ जणांना देखरेखीखाली ठेवून ८ आठवडे रोज गरजेपेक्षा साधारण ९५० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. एका गटाच्या जेवणात प्रोटीन ५ टक्के, दुसऱ्याच्या १५, तिसऱ्याच्या २५. अंगावरची चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली, साडेतीन किलोच्या आसपास. फरक पडला तो चरबी सोडून उरलेल्या वजनात: कमी प्रोटीनवाल्यांचं ते घटलं, बाकी दोन गटांचं वाढलं.

यावर जाणकार मंडळी २०१४ चा दुसरा एक प्रयोग पुढे करतील. त्यात वजनं उचलणाऱ्या लोकांना रोज स्वतःच्या वजनाच्या किलोमागे ४.४ ग्रॅम प्रोटीन खायला सांगितलं आणि चरबी वाढली नाही. पण ते घरीच जेवत होते आणि काय खाल्लं ते स्वतःच लिहून देत होते. शिवाय ८० किलोच्या माणसाला ४.४ ग्रॅमच्या हिशेबाने रोज ३५२ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ५८ अंडी. ज्याला ती जमतात त्याने खुशाल खावीत.

आता माझं सांगतो. जेवण होतं तसंच ठेवलं आणि वरून रोज ४ अंडी, मोठा गिलासभर म्हशीचं दूध आणि दोन मुठी फल्लीदाणे (शेंगदाणे) सुरू केले. बायको म्हणाली, "हे जेवनाच्या आंधीचं जेवन व्हय का?" मी तिला मेसेज दाखवला. मग वहीत मांडलं ते असं: अंडी २८० कॅलरी, दूध २६० च्या वर, ६० ग्रॅम दाणे ३३० च्या आसपास. जवळजवळ ८७० कॅलरी झाल्या, अंडी ज्या तेलात तळली ते वेगळंच. फल्लीदाण्याला लोक प्रोटीन म्हणतात, पण १०० ग्रॅम दाण्यात प्रोटीन २५ ग्रॅम असेल तर तेल ४० ग्रॅमच्या वर असतं. उगाच का त्याचं तेल काढतात? शेजारच्या धान्य व्यापाऱ्याच्या काट्यावर दिवाळीला मी ८४ किलो भरलो होतो, संक्रांतीला ८७.

"सात दिवसांत चार किलो."

हे काट्यावर दिसतं, म्हणूनच लोक फसतात. भाकर-भात एकदम बंद केला की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर पहिल्या काही दिवसांत वापरली जाते. ती असते चार-पाचशे ग्रॅम, पण प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून असते. तेही जातं आणि दीड-दोन किलो सहज उतरतात. परत दोन दिवस भाकर खा, परत येतात. चरबीचं गणित निराळं. १ किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी, म्हणजे आठवड्यात चार किलोसाठी रोज ४,४०० ची तूट पाहिजे. काही न खाता दिवसभर बैलाच्या जागी वखर ओढला तर कदाचित.

"भाकर, पोळी, भात बंद."

या ओळीचा मला राग येतो. ज्वारीच्या एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ धरा: २३५ कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रोटीन. दिवसाच्या चार भाकरींत २८ ग्रॅम. माझ्या आधीच्या जेवणातलं अर्ध्याहून जास्त प्रोटीन भाकरीतूनच येत होतं. शिवाय ज्वारीच्या प्रोटीनमध्ये जे लायसिन (प्रोटीनचाच एक घटक) कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत कमी असतं ते ज्वारी भरून काढते. वरण-भाकर, चून-भाकर (पिठलं-भाकर) ही जोडी आपल्या आज्यांनी लायसिनचं नावही न ऐकता लावून ठेवली.

मग वजन वाढवतं कोण? आमच्या पाच माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो तेल लागायचं. माणशी रोजचे ३३ ग्रॅम, ३०० कॅलरी. प्रोटीन शून्य. दुकानात येईल त्याच्यासोबत चहा, दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर: २०० कॅलरी. बसस्टँडवरच्या आलूबोंड्याचा आणि तर्री पोह्याचा हिशेब मी अजून लावलेला नाही, हिंमत होत नाही. यातलं काहीच त्या मेसेजमध्ये नाही. दोष सगळा बिचाऱ्या भाकरीवर.

आणि मेसेज काही फक्त माझ्यासारख्या बसणाऱ्या माणसाकडेच जात नाही. आमच्याच गल्लीतली एक वहिनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत निंदायला, कापूस वेचायला जाते. अंगाने आधीच काटकुळी. तिने मुलीच्या फोनवर हे पाहिलं आणि पोट कमी व्हावं म्हणून भाकर सोडली. औषध न्यायला दुकानात आली तेव्हा पायरीवरच बसली. "भाऊ, चक्कर येऊन राह्यली." सकाळपासून काय खाल्लं विचारलं तर एक अंडं. राबणाऱ्या शरीराला जळण दिलं नाही तर ते खाल्लेलं प्रोटीनही जळणात टाकतं आणि वर स्नायूही तोडतं. तिला कमी करायचं वजनच नव्हतं.

"वरणात प्रोटीन नसतं, पावडरशिवाय गत्यंतर नाही."

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि हे आपल्याला कबूल करायला जड जातं. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. पण आपण काय १०० ग्रॅम खातो? घरात दीडशे ग्रॅम डाळ शिजते, तिच्यात भांडंभर पाणी ओततात आणि पाच जण जेवतात. माणशी ३० ग्रॅम डाळ, ६-७ ग्रॅम प्रोटीन. वरण खाल्लं म्हणजे प्रोटीन झालं, हाही आपला एक न लिहिलेला मेसेजच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर किलोमागे १.२ पर्यंत गेलेलं बरं, आणि तो किलो सुटलेल्या पोटासकट नाही, जे वजन असायला पाहिजे त्याचा. माझ्या जेवणातलं प्रोटीन पन्नास ग्रॅमच्या आतच अडकलेलं होतं. म्हणजे प्रोटीन वाढवायला हवंच होतं. चूक एवढीच की मी ते वरून घातलं, कशाच्या तरी जागी घातलं नाही.

पावडर विष नाही. पनीर गाळल्यावर खाली उरतं त्या पाण्यातलं ते प्रोटीन, डब्यातल्या मोठ्या चमच्याला २४ ग्रॅम मिळतं आणि १२० कॅलरी. पण "गत्यंतर नाही"? यवतमाळ, वाशिम, अकोला, अमरावती, बुलडाणा, पावसाळ्यात कुठेही जा, नजर पोहोचेल तिथवर सोयाबीन. त्यात सरासरी ३६ टक्के प्रोटीन. आपण ते पोत्यात भरून मोंढ्यावर नेतो, कारखाना तेल काढून घेतो आणि प्रोटीन असलेली ढेप बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेल आपण पिप्याने परत विकत आणतो. ढेपीच्याच भावंडाला, सोयावडीला, आपल्याकडे पाहुण्यांपुढे वाढायची लाज वाटते. तिच्यात ५० टक्क्यांच्या वर प्रोटीन आहे. (सोयाबीन कच्चं मात्र खाऊ नका. त्यात पचनाला अडवणारे घटक असतात, ते शिजवल्या-भाजल्यावरच मोडतात.) हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले आहेत, हरभरा आहे, चून आहे, दही आहे.

मेसेजची उलटी बाजूही काही जण पाठवतात: प्रोटीनने किडनी जाते. धडधाकट माणसाची या प्रमाणात जात नाही. ज्याला शुगर, बीपी किंवा किडनीचा त्रास आधीच आहे, त्याने मात्र रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते यावरून कळतं) तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये. आपल्याकडे कित्येकांना शुगर आहे हेच माहीत नसतं, म्हणून हे सांगतो.

संक्रांतीनंतर मी काय बदललं? सकाळचे पोहे गेले, त्या जागी दोन उकडलेली अंडी. रात्रीच्या भाजीत मूठभर सोयावडी. गिलासभर दुधाऐवजी वाटीभर दही. रात्रीची एक भाकर कमी, तेल महिन्याला साडेतीन किलो, चहा दोन कप आणि कपाला एकच चमचा साखर. फल्लीदाणे आता चटणीपुरते. भाकर, तेल आणि साखर मिळून ४८५ कॅलरी रोजच्या वाचल्या. कागदावर पाच महिन्यांत नऊ किलो उतरायला हवे होते. मे महिन्यात सहा लग्नं होती, सगळीकडे वांग्याची भाजी आणि बुंदी. परवा पेरणीचं बियाणं उतरवताना त्याच काट्यावर उभा राहिलो, ८१ दाखवले.