पायातला कॉर्न, मोंढ्यातला कॉर्न

परवा मेडिकलवर गेलो होतो. डाव्या पायाच्या करंगळीला कुरूप झालंय, पाऊल टाकलं की खडा टोचल्यासारखं होतं. काउंटरवरच्या पोराला म्हणलं, "कॉर्न कॅप दे रे दोन." सोबत लेक होती, सातवीतली. ती तिथंच खो खो हसत सुटली. "पप्पा, तुमच्या पायाला मका आलाय?" तो पोरगाही हसला, मागं उभी असलेली एक मावशीही हसली. घरी येईपर्यंत हिचं चालूच. कणीस कधी निसवणार, पाणी किती द्यावं लागतं, राखण कोण करणार.

मी इतिहासाचा मास्तर. शब्द दिसला की त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची खोड आहे. लेकीला सांगितलेलं इथंही सांगतो, म्हणजे कुरूप वाया जायला नको.

पायातल्या कॉर्नचं आणि खायच्या कॉर्नचं काहीएक नातं नाही. पायातला आला लॅटिन 'कोर्नू'वरून, म्हणजे शिंग. कातडी शिंगासारखी टणक होते म्हणून. युनिकॉर्न त्याच घरचा, कोपऱ्याचा कॉर्नर त्याच घरचा, डोळ्यातला कॉर्निया पण. आपलं संस्कृत 'शृंग' हे त्याचं लांबचं भावंड. कॅप्रिकॉर्न राशीत शिंगवाला बोकड आहे, आपण त्या राशीला मकर म्हणतो. (मकर आणि मका अशी जोड लेकीनं लगेच लावली. मी तिला आवरलं.)

खायच्या कॉर्नचं गोत्र वेगळं. तो 'ग्रेन'चा चुलतभाऊ आणि मूळ अर्थ नुसता दाणा. कसलाही. मिरीचा दाणा म्हणजे पेपरकॉर्न. मिठाचा जाड खडासुद्धा कॉर्न. तसलं खडेमीठ चोळून टिकवलेलं मांस ते कॉर्न्ड बीफ, त्यात मका औषधालाही नसतो. आणि जवाचा दाणा तो बार्लीकॉर्न. हा शेवटचा मात्र माझ्या पायाशी थेट संबंधित निघाला. इंग्रजांच्या जुन्या मापात तीन जव म्हणजे एक इंच. बुटाचे नंबर त्यांनी याच मापावर बांधले. एक नंबर वाढला की बूट एका जवानं लांब, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. आपल्याकडं पण नंबर तेच चालतात. मापाला जव घ्यायची अक्कल एकट्या इंग्रजांची नव्हे बरं का, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ जवांचं एक अंगुळ आहे. तर मला लागतो ९ नंबर. दिवाळीच्या सेलमध्ये ८ चाच उरला होता. दुकानदार म्हणला, "घालून घालून सैल होतोय सर." घेतला. एक जव कमी पडला आणि करंगळीवर शिंग उगवलं.

कॉर्नवरून आमच्या घरात याआधीही एक रामायण झालेलं आहे. भाचे आले होते सुट्टीला, त्यांना मंचुरियन पाहिजे. बायकोनं पिशवी हातात दिली, "कॉर्नफ्लोअर आणा." दुकानात इवल्याशा डब्याचे पैसे ऐकून मी विचार केला, मक्याचं पीठच ना, त्यात एवढं काय. किलोभर मका घेतला आणि गिरणीतून दळून आणला, गरम गरम. पुढं काय झालं ते मंचुरियन करणाऱ्यांनी ओळखलं असेल. गोळे तेलात फुटून कढईभर भुगा झाला, ग्रेव्हीचं पिवळं पिठलं झालं. आमची माय एकटी ते भाकरीसंगट जेवली. "झुणका बरा झालाय, मीठ जरा कमी हाय." आपल्याकडं आणि इंग्लंडात कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्यातून काढलेलं पांढरंफेक स्टार्च. अमेरिकेत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात आणि तिथं कॉर्न फ्लोअर म्हणजे दळलेला मका. म्हणजे अमेरिकेत असतो तर मी बरोबर होतो. हे मी त्या वेळी बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.

आता मुद्द्यावर येतो. बारावीच्या एका पोरानं पेपरात लिहिलं होतं, 'इंग्लंडमध्ये १८१५ साली मक्याचे कायदे झाले.' कॉर्न लॉज! मी हसून अर्धा मार्क कापला, पण त्याची चूक नव्हती. त्यानं डिक्शनरी बघितली होती आणि डिक्शनरीत कॉर्न म्हणजे मका एवढंच लिहिलं होतं. खरं म्हणजे इंग्लंडातल्या शेतकऱ्याचा कॉर्न म्हणजे गहू. स्कॉटलंडात गेलात तर ओट. जर्मनीत कोर्न म्हणलं की बऱ्याच भागात राय. ज्या मातीत जे मुख्य पिकतं, ज्याच्यावर घर जगतं, ते तिथलं कॉर्न. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांना तिथल्या मूळ लोकांच्या शेतात मका दिसला. त्याला ते 'इंडियन कॉर्न' म्हणायला लागले. हळूहळू इंडियन गळालं आणि नुसतं कॉर्न राहिलं.

ते कॉर्न लॉज काय होते? बाहेरचं स्वस्त धान्य देशात येऊ नये म्हणून बसवलेली बंधनं. जमीनदार खूश, शहरातला मजूर महागड्या पावानं बेजार. तेवढ्यात १८४५ ला आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं सगळं पोट त्या बटाट्यावर होतं. पंतप्रधान रॉबर्ट पीलनं गुपचूप अमेरिकेतून मका मागवला. लोकांना तो शिजवायचा कसा हेच माहीत नव्हतं. टणक दाणा, नीट दळलेला नाही, खाल्ला की पोट धरून बसायचं. त्या पिवळ्या पिठाला आयरिश लोकांनी नाव ठेवलं, 'पीलचं गंधक'. १८४६ ला पीलनं ते कायदे रद्द करवले आणि त्याच वर्षी त्याची खुर्ची गेली.

हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. शिकवताना डोळ्यांपुढं आयर्लंड येत नाही, आमची माय येते. १९७२ चा दुष्काळ. ती तेव्हा नवी नवरी, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला मिलो. अमेरिकेतून आलेला लाल मिलो. माय सांगती, "लालभडक भाकर. थापाया गेलं की चिरायची, तव्यावर टाकूस्तर दोन तुकडं. लेकरं तोंड फिरवायची." मला लै दिवस वाटायचं मिलो म्हणजे काहीतरी परदेशी जंगली बी असणार. नंतर कळलं, मिलो ही ज्वारीच. तिकडं जनावरांच्या खाद्यात जाणारी. म्हणजे मालदांडी पिकवणाऱ्या बाईला सात समुद्रापलीकडून ज्वारी आली, आणि तिला ती ज्वारी म्हणून ओळखू आली नाही. आजही मायसमोर मिलोला ज्वारी म्हणून बघा. "जवारी हाय व्हय ती?" एवढंच म्हणती, पण म्हणती अशी की पुढं बोलायची सोय नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की इंग्रजांच्याच हिशोबानं गेलं तर मराठवाड्याचा कॉर्न ज्वारी आहे. मका नाही, मॉलमधला स्वीट कॉर्न तर नाहीच. सिल्लोडकडचे मका उत्पादक मित्र रागावतील, त्यांना मोकळीक आहे. पण भाकर, कडबा, हुरडा, नागपंचमीच्या लाह्या, लग्नातल्या अक्षदा, सगळीकडं आमच्याकडं ज्वारीच. आता सोयाबीननं शिवार गिळलंय हे मान्य. मोंढ्यात ज्वारीचा भाव गव्हाच्या पुढं गेलेला बघितलाय आणि गरिबाची म्हणून जी भाकर होती ती हॉटेलात थाळीपेक्षा भाव खायलीय. तरी सोयाबीनला कॉर्न म्हणता येणार नाही. सोयाबीनवर घर चालतं, पण सोयाबीन कुणी जेवत नाही.

मक्यानं इंग्रजीत जी घुसखोरी केली तसली आपल्या मराठीतही झालीय, आपलं लक्ष नसतं एवढंच. 'दाणे' म्हणजे काय? कणसात भरतात ते. पण किराणा दुकानात "पाव किलो दाणे द्या" म्हणलं तर तो ज्वारी देईल का? शेंगदाणे देईल. दाण्याचं कूट, दाण्याची चटणी, सगळीकडं शेंगदाणाच. आणि हा भुईमूगही मक्यासारखाच अमेरिका खंडातून आलेला पाहुणा! दोन पाहुण्यांनी दोन भाषांत दाण्याची गादी बळकावली. हे सुचलं तेव्हा मी एवढा खूश झालो की बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ती कूटच करत होती. म्हणली, "मिक्सर बंद झाल्यावर सांगा."

एका शब्दाचा मात्र मला राग आहे. कॉर्नी. फालतू, बाळबोध विनोदाला कॉर्नी म्हणतात. हा अमेरिकेतला, मका खाऊन वाढलेल्या खेडवळांना हिणवायचा शब्द. आपल्या 'गावंढळ'सारखाच. पुण्यात शिकताना माझ्या बोलण्यावरून तो आपला मराठी शब्द मी पुष्कळ ऐकलाय. "करायलाव" म्हणलं की हसायचे. हुरड्याला मात्र दरवर्षी येतात, रानात आगटीभोवती बसून गुळभेंडीचा हुरडा आणि वर दही मागून घेतात. येऊ द्या. हुरडा हा आमचा स्वीट कॉर्नच आहे, फक्त त्याला कप आणि चमचा लागत नाही. तळहातावर चोळायचा, फुंकर मारायची, तोंडात टाकायचा.

लेकीनं हे सगळं ऐकलं आणि डोक्यात घेतलं, तिथंच घोटाळा झाला. इंग्रजीच्या गृहपाठात 'कॉर्न' शब्दाचा अर्थ लिहायचा होता. तिनं लिहिलं, 'ज्वारी (आमच्याकडे)'. वही परत आली ती लाल फुली घेऊन, वर 'मका' असं तीनदा लिहून आणायची शिक्षा. मी शाळेत जाणार आहे बोलायला. जरा कुरूप बरं होऊ द्या, शाळेला जिना आहे.