दुतोंड्या लॅपटॉप

गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाही. "दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं?" एवढंच विचारतो. रामकुंडाजवळचा हा मारुती पुढे-मागे दोन्हीकडे तोंड करून उभा आहे, आणि त्याचे गुडघे, कंबर, छाती हीच आमची मोजपट्टी. चालत्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवणं म्हणजे घरात असाच एक दुतोंड्या उभा करणं. संकटही त्याच पट्टीनं मोजावं, असं माझं मत आहे.

भाचेमंडळी सांगतात, "मामा, वीस मिनिटांचं काम आहे." खोटं नाही. लिनक्स उतरायला तेवढाच वेळ लागतो. पण रामकुंडावर कोरडं ऊन असतानाही पाणी चढतं, कारण ते वरून, गंगापूर धरणातून आलेलं असतं. इथलं धरण म्हणजे विंडोज. तिथे काय तुंबलंय हे आधी न बघता जो घाटावर उतरला, त्याचे कपडे भिजलेच म्हणून समजा.

ही हौस आताच का उसळली, तर 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 या सुरक्षेच्या चिपशिवाय प्रवेश नाही. धडधाकट लॅपटॉप एका तारखेत म्हातारे ठरले. मग विंडोजला सरळ निरोप का नाही द्यायचा? कारण पत्रिकेचा मजकूर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि दुकानाचा हिशेब टॅलीत. म्हणून दोन तोंडं.

गुडघाभर पाणी पेनड्राइव्हपाशीच लागतं. उबुंटू हे लिनक्सचंच एक रूप. त्याच्या 24.04 आवृत्तीची फाइल साधारण 6 जीबीची, म्हणजे पेनड्राइव्ह किमान 8 जीबीचा हवा. तो पूर्ण पुसला जातो, आणि घरातल्या एकमेव रिकाम्या पेनड्राइव्हवर कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो असतातच. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, रुफससारख्या प्रोग्रामनं उतरवावी लागते. त्याआधी सिस्टिम इन्फर्मेशन उघडून 'बायोस मोड'समोर यूईएफआय (लॅपटॉप सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलंय की लेगसी (जुनी), ते बघा. यूईएफआय असेल तर रुफसमध्ये जीपीटी ही मांडणी निवडा. एक यूईएफआयमध्ये आणि दुसरं लेगसीत बसलं, तर सुरू होताना दोघं एका मेनूत सहसा दिसत नाहीत. एका वाड्यातले अबोला धरलेले भाऊ परवडले.

कंबर येते जागा काढताना. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर उजवी क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. ड्राइव्हवर 300 जीबी मोकळे दिसतात आणि विंडोज उदार मनानं 20 जीबी देऊ करतं. हा कंजूसपणा नव्हे. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट या फाइली हलवता येत नाहीत, आणि मेन रोडवर भर गर्दीत मधोमध लागलेल्या हातगाडीसारखी त्यातली एखादी ड्राइव्हच्या मध्यावर बसलेली असते. तिच्या अलीकडे कितीही जागा असो, कापता येतो तो पलीकडचाच तुकडा. उपाय म्हणजे पेजफाइल तात्पुरती बंद करा, हायबरनेशन बंद करा, रीस्टार्ट करा आणि मग कापा. हायबरनेशन बंद करायची आज्ञा फोनवरून सांगणं हा वेगळाच छळ. "पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग तिरकी रेघ..." "कुठली तिरकी? उजवीकडे पडलेली की डावीकडे?" "मामा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची! मग एच, स्पेस, ऑफ."

उबुंटूवाले 25 जीबी पुरे म्हणतात. मी म्हणतो 60 काढा. आकडा एमबीत मागतात, म्हणून 61440 टाका. निघालेली जागा अनअलोकेटेडच, म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेली, राहू द्या. हौसेनं तिचा ई ड्राइव्ह करू नका.

वरच्या आज्ञेनं फास्ट स्टार्टअपही जातं, आणि ते जायलाच हवं. ते चालू असेल तर शटडाउन केलेलं विंडोज खरं बंद नसतंच. दुकानाचं शटर अर्धं ओढून मालक आत गल्ला मोजत बसलेला असतो. लिनक्स त्या ड्राइव्हवर गेलं, तर बहुधा फक्त वाचू देतात, लिहू देत नाहीत.

आता छाती. कित्येक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की ड्राइव्ह गुपचूप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेला असतो. बूटच्या सेटिंगला हात लावला की निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागतात. ती आधीच खात्यातून काढून कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर जपून ठेवणारे महाभाग पुष्कळ आहेत.

कधी कधी लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. डिस्क जागेवरच असते, पण बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क हाताळायचा इंटेलचा आरएसटी किंवा व्हीएमडी हा प्रकार चालू असतो. तो एएचसीआय या साध्या प्रकारावर फिरवायचा, पण थेट नाही, नाहीतर विंडोज उठतच नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये येऊन जा, मग ती खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. चार वर्षांपूर्वीचा पासवर्ड आठवून ठेवा.

इतकं झालं की खरं इन्स्टॉलेशन म्हणजे मिसळीवरचा पाव. दोनच गोष्टी जपा. चार्जर लावलेला असू द्या, कारण वळीव आला की लाइट जाते आणि जुन्या बॅटरीला ते आधी कळतं. आणि 'इरेज डिस्क' या पर्यायाला हात लावू नका. ते डोक्यावरून पाणी. तिथे पट्टीच संपते. 'अलाँगसाइड' निवडा. स्वतः मांडणी करणार असाल तर विंडोजचं छोटं, बहुतेकदा 100 एमबीचं ईएफआय पार्टिशन (सुरू होण्याच्या फाइलींचा कप्पा) तसंच वापरा. फॉरमॅटची टिक दिसली तर काढा.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाच अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारा पहारेकरी) चालू असेल, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला लावू शकतो. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो आणि कोणतंही बटण दाबायला 10 सेकंद देतो. निळं दिसलं की छातीत धस्स होऊन माणूस हात मागे घेतो, इथे मात्र दाबायचं असतं. 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्या. ती वेळ चुकली तर कार्ड चालवणारा ड्रायव्हर मुक्यानं बाहेर बसतो.

रीस्टार्ट केल्यावर थेट विंडोजच आलं तर लिनक्स वाहून गेलेलं नसतं. बायोसच्या बूट क्रमात उबुंटू वर सरकवा.

शेवटची गंमत घड्याळाची. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. संध्याकाळी सात वाजता रामकुंडावर आरती चालू असते आणि विंडोज दीड वाजल्याचं सांगतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेनं स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की दोन्ही तोंडं एकच वेळ बोलू लागतात. त्यावर लिनक्स हे बरं नव्हे म्हणून लांबलचक कुरकुर छापतं, पण ऐकतं.