नव्या फरशीवरचा पांढुरका थर आणि अ‍ॅसिडची बाटली

आज एवढं लांबलचक लिहायला बसले त्याला कारण आहे. काल मागच्या गल्लीत एक नवं घर बघायला गेले होते. हॉलमध्ये नवीकोरी फरशी, तिच्यावर दुधाचं फडकं फिरवल्यासारखा पांढुरका थर, आणि घरच्या वहिनी अ‍ॅसिडच्या बाटलीचं टोपण उघडत होत्या. मी चप्पल काढायच्या आधी त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली. त्या दचकल्या. पण पाच महिन्यांपूर्वी माझ्या हातातली बाटली अशी कुणी काढून घेतली असती, तर माझ्या स्वयंपाकघराची फरशी आज धड असती.

आमचं जुनं घर वडगावात, खाली शहाबादी फरशी. अनगोळला नवं घर बांधलं तेव्हा सगळ्यांनी हौसेनं दोन बाय चार फुटांच्या मोठ्या चकचकीत टाईल्स पसंत केल्या. गुजरातेतल्या मोरबीचा माल, तो आता आपल्या बेळगावात गल्लोगल्ली मिळतो. बसवणारे मिस्त्री बैलहोंगलकडचे, हात सफाईदार, लेव्हल एकदम पाण्यासारखी. जॉइंट, म्हणजे टाईल्समधल्या फटी, भरून झाले आणि दुसऱ्या दिवशी खिडकीतून ऊन आलं, तेव्हा फरशी आंधळी दिसायला लागली. पुसलं की काळीभोर चमकायची, वाळली की परत पांढरी. मिस्त्रींना सांगितलं, तर ते म्हणाले, "नाळे माडतीन्री." उद्या करतो. तो उद्या काही आला नाही, त्यांचं दुसरीकडे काम लागलं होतं. वास्तुशांत आठ दिवसांवर. मग ज्यानं त्यानं एकच सांगितलं, बाथरूमचं अ‍ॅसिड मारा, आरशासारखी होईल.

चौथ्या दिवशी मी मारलं. आधी स्वयंपाकघरात, मग हॉलमध्ये.

स्वयंपाकघरात फेस आला, थर गेला, मला आनंद झाला. दोन दिवसांनी बघते तर जॉइंट खडबडीत, जागोजागी खड्डे, करड्या रंगाचे पट्टे फिकट पडलेले. सिंकखालची स्टीलची जाळी तपकिरी झाली. घशाची जळजळ रात्रभर. आणि हॉलमध्ये? हॉलमधला थर जिथल्या तिथे. अ‍ॅसिड ओतून, घासून, पुन्हा ओतून काही म्हणजे काही फरक नाही. मी रडले, खरं सांगते. आयुष्यभराची पुंजी घातलेलं घर आणि पहिल्याच आठवड्यात आपणच ते खराब केलं असं वाटणं फार वाईट असतं.

मग माझ्या दिराच्या ओळखीचे खानापूरचे एक म्हातारे गवंडी आले. सगळे त्यांना मामाच म्हणतात. कौलांच्या गावचा माणूस, मातीतलं आणि चुन्यातलं सगळं हातानं जाणणारा. फरशीवर बसले, बोट ओलं करून फिरवलं, नखानं खरवडलं आणि मला विचारलं, "ताई, जॉइंटात काय भरलंय ते ठावं हाय का तुम्हाला?" मला ठाऊक नव्हतं. दुकानदारानं दोन वेगळ्या बादल्या दिल्या होत्या एवढंच आठवत होतं. एक स्वयंपाकघरासाठी आणि एक हॉलसाठी.

इथेच सगळी मेख आहे. जॉइंटात भरतात त्या मसाल्याला ग्राउट म्हणतात. स्वयंपाकघरात होतं सिमेंटचं ग्राउट आणि हॉलमध्ये एपॉक्सीचं. दोन्हींचा थर डोळ्यांना सारखाच दिसतो, पण एकाचा औषधोपचार दुसऱ्याला चालत नाही. सिमेंटचं ग्राउट पुसताना जे पाणी टाईलवर पसरतं त्यात सिमेंटचे बारीक कण असतात, ते वाळून चिकटतात. अ‍ॅसिड सिमेंटला खातं म्हणून थर जातो. पण जॉइंटातही सिमेंटच आहे! थर कोणता आणि जॉइंट कोणता हे अ‍ॅसिडला कळत नाही. त्यात चौथ्या दिवशी जॉइंट अजून कच्चा असतो, म्हणून माझा जास्तच खाल्ला गेला. एपॉक्सी म्हणजे डिंकासारखी दोन द्रव्यं एकत्र करून घट्ट होणारी वस्तू. तिच्यावर बाथरूमच्या अ‍ॅसिडचा फारसा परिणाम होत नाही, तिला तिचंच वेगळं क्लीनर लागतं आणि तेही जितक्या लवकर लावाल तितकं बरं.

मामांनी मला दाखवलेली परीक्षा घरी कुणालाही करता येते. ओल्या फडक्यानं पुसल्यावर थर दिसेनासा होतो आणि वाळल्यावर परत येतो, शिवाय नखाला पांढरी भुकटी लागते, तर तो बहुतेक सिमेंटचा किंवा क्षारांचा. कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकून बघा, बारीक बुडबुडे आले तर खात्रीच. थर चिकटसर आहे, अनवाणी पावलांचे ठसे त्यावर उठतात, रंगाची छटा जरा पिवळसर आहे, तर एपॉक्सीचा संशय धरा. काही चकचकीत टाईल्सवर कारखान्यातूनच मेणाचा पातळ थर येतो, तोही असाच धुरकट दिसतो. म्हणून आधी ओळखायचं, मग हात लावायचा.

स्वयंपाकघरात नंतर काय करायचं तेही त्यांनीच सांगितलं, आणि मी ते बेडरूमला तंतोतंत केलं, तिथेही सिमेंटचंच ग्राउट होतं. जॉइंट भरून निदान दहा दिवस जाऊ दिले. मग पहिल्यांदा फक्त कोमट पाणी आणि पांढरा नायलॉनचा पॅड. तारेचा घासणीगोळा नाही, हिरवी घासणीही नाही, चकचकीत टाईलवर त्याचे ओरखडे कायमचे राहतात. निम्मा थर एवढ्यानंच गेला. उरलेल्यासाठी सल्फामिक अ‍ॅसिड (बाथरूमच्या अ‍ॅसिडपेक्षा सौम्य) असलेलं ग्राउट क्लीनर, डब्यावर लिहिलंय तेवढं पातळ करून. त्याआधी जॉइंट साध्या पाण्यानं भरपूर भिजवले, म्हणजे ते पाणी पिऊन बसतात आणि औषध आत ओढत नाहीत. ही एक गोष्ट मला कुणीही सांगितली नव्हती, आणि सगळ्यात मोठी हीच आहे. मग दोन-तीन टाईल्सचा तुकडा घ्यायचा, लावायचं, चार मिनिटांत घासून घाण पाणी फडक्यानं टिपून घ्यायचं. नुसतं ढकलत नेलं तर तोच गाळ पुढच्या टाईलवर वाळतो. दोनदा स्वच्छ पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, वाळलं की त्याचेच पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचं धुणं मी नळाच्या पाण्यानं केलं. हातमोजे, खिडक्या उघड्या. आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं कुठलंही द्रव्य अ‍ॅसिडसोबत चुकूनसुद्धा नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असं समजा.

हॉलसाठी एपॉक्सीचं क्लीनर आणावं लागलं, ते स्वस्त नव्हतं. दोन माणसं, दोन दिवस. तेव्हा कुठे टाईल मोकळी झाली.

आता माझं मत. मिस्त्रीला शिव्या देऊन भागणार नाही. आपण त्याला चौरस फुटावर पैसे देतो, म्हणजे फरशी बसली की त्याची कमाई झाली. पुसण्याचा एक तासही त्या दरात नसतो. आणि हा थर तयार होतो तो नेमका शेवटच्या त्या तासात. ग्राउट भरल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी नीट पिळलेल्या स्पंजानं, जॉइंटला तिरपं, वारंवार पाणी बदलत पुसायचं असतं, आणि दोन-तीन तासांनी कोरड्या फडक्यानं घासून घ्यायचं असतं. एपॉक्सी तर भरता भरताच धुवावी लागते, घट्ट झाली की संपलं. एका बादलीच्या गढूळ पाण्यानं सगळा हॉल पुसणारा माणूस आळशी नसतो, त्याला सहा वाजता बस पकडायची असते. मी म्हणते, पुसण्याचे वेगळे पैसे ठरवा. आधीच बोला, त्याच्यासमोर बसा, दोन बादल्या भरून द्या. माझ्या क्लीनरच्या निम्म्या पैशात हे झालं असतं.

आणि मुहूर्त. आपल्याकडे वास्तुशांतीची तारीख आधी निघते, पत्रिका आधी छापतात आणि मग सगळं काम त्या तारखेला बांधलं जातं. खानापूर, निपाणी, हुक्केरी, कुठल्याही गावात जा, हेच. मी माझ्या सासूबाईंच्या मनाविरुद्ध काही बोलत नाही, पण ग्राउट भरल्यापासून पूजेपर्यंत पंधरा दिवस मोकळे ठेवायलाच हवेत, एवढं मी आता घरातल्या प्रत्येकाला सांगते.

एक गोष्ट राहिलीच. जुन्या घरात शहाबादी, कडप्पा, कोटा किंवा संगमरवर असेल तर वरचं अ‍ॅसिडचं काहीही करू नका. सल्फामिकसुद्धा नको, व्हिनेगरसुद्धा नको. हे सगळे दगड चुन्याच्या जातीचे, अ‍ॅसिड त्यांचा पृष्ठभागच खातं. वडगावच्या घरात आजेसासूबाई नुसत्या पाण्यानं आणि गोणपाटानं फरशी पुसायच्या, ती अजून तशीच गुळगुळीत आहे.

कालच्या वहिनींच्या घरी जॉइंट भरून सहाच दिवस झालेत. ग्राउटची रिकामी बादली अजून माळ्यावर होती, ती उतरवून बघितली, सिमेंटचं आहे. पुढच्या रविवारी मी माझा पांढरा पॅड आणि हातमोजे घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. माझ्या स्वयंपाकघरातले जॉइंट मात्र खरवडून पुन्हा भरायचे आहेत. मामा दिवाळीनंतर येतो म्हणालेत, आणि पुसायला मी स्वतः बसणार आहे.