तेलासोबत वर येणारं पाणी

तेलविहीर म्हणायचं खरं, पण जुनी झालेली विहीर बहुतांशी पाणीच देते. पेरूच्या उत्तर भागात कोरिएन्तेस नदीच्या खोऱ्यात आचुआर आदिवासींचं जंगल आहे. १९७१ साली ऑक्सिडेंटल ही अमेरिकन कंपनी तिथे उतरली, २००० साली प्लुस्पेट्रोल आली. विहिरी जुन्या झाल्या तशी पाळी अशी आली की शंभर बॅरल उपसले तर त्यात नव्वदहून जास्त पाणी. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. हे पाणी रोज दहा लाख बॅरलच्या घरात निघत होतं आणि जवळपास सगळं ओढ्यांत, नद्यांत सोडलं जात होतं.

तेलगळती झाली की काळ्या नदीचे फोटो जगभर फिरतात. या पाण्याचा फोटो कुणी काढत नाही, कारण दिसायला ते पाणीच असतं. माझं ठाम मत आहे की ॲमेझॉनमधल्या तेलपट्ट्यातल्या आदिवासींना या रोजच्या पाण्याने गळतीइतकंच, कदाचित जास्तच छळलंय. आणि ते टाळता येत होतं.

हे पाणी तेलाच्याच खडकात लाखो वर्षं अडकलेलं असतं. वर येतं तेव्हा कढत असतं, कधी कधी समुद्राहून खारट असतं. त्यात बेरियम, शिसं, कॅडमियम, बेन्झीन, काही ठिकाणी रेडियमसुद्धा. विहिरींवरचं मिश्रण स्टेशनवर येतं. सेपरेटरमध्ये गॅस सुटतो, तो बहुतेक ठिकाणी मशालीवर जाळून टाकतात. उरलेलं मोठ्या टाकीत थांबवलं की तेल वर तरंगतं, पाणी तळाला बसतं आणि तळाच्या व्हॉल्व्हमधून बाहेर काढतात. टाकीत थांबायला वेळ कमी मिळाला किंवा इमल्शन (एकजीव झालेलं तेल-पाणी) फोडणारं रसायन कमी पडलं, तर त्या पाण्यासोबत तेलाचे थेंबही जातात. तेल पाइपलाइनकडे निघतं. पाणी कुठे जाणार, हे तिथे ठरतं.

शेजारच्या इक्वेडोरमध्ये ते टेक्साको या अमेरिकन तेलकंपनीने ठरवलं. १९६७ साली लागो आग्रिओला तेल लागलं, १९७२ साली अँडीज ओलांडून जाणारी पाइपलाइन सुरू झाली. कोफान, सिओना, सिएकोपाइ या आदिवासींच्या जमिनीवर विहिरी झाल्या आणि विहिरींशेजारी खड्डे. नुसते मातीत खणलेले, तळाला अस्तर नाही. ड्रिलिंगचा चिखल, चाचणीचं तेल, सगळं त्यात. स्टेशनांवरचं खारं पाणीही अशाच खड्ड्यांतून पुढे ओढ्यांत जायचं. जंगलात पाऊस धो धो, खड्डा भरून वाहणारच. म्हणून बांधातून हंसाच्या मानेसारखा वाकडा पाइप घातलेला असे. तेल वर तरंगतं, पाइप खालचं पाणी ओढतो, पाणी ओढ्यात जातं, तेल खड्ड्यात राहतं. कल्पना अशी. पण पाण्यात विरघळलेलं मीठ आणि बेन्झीन या पाइपला कसं अडणार? तळातून मुरणाऱ्याचा तर हिशेबच नाही.

त्या काळी हे कुणाला माहीत नव्हतं, असा बचाव नेहमी ऐकू येतो. टेक्सास राज्याने खाऱ्या पाण्याचे असे खड्डे १९६९ पासून बंद केले होते, भूजल खारं होतं म्हणून. म्हणजे इक्वेडोरमधून तेल निघायच्या तीन वर्षं आधी. माहिती होती. ती वापरायची कुणासाठी आणि कुणासाठी नाही, एवढंच ठरवलं गेलं. १९९० पासून सरकारी पेट्रोएक्वाडोरने कामकाज हाती घेतलं, तरी पाणी ओढ्यात जाणं लगेच थांबलं नाही. चालवणारा बदलल्याने व्हॉल्व्ह बदलत नाही.

१९९३ साली गावकऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. पुढे तो इक्वेडोरला गेला, टेक्साको शेवरॉन या दुसऱ्या तेलकंपनीत विलीन झाली, २०११ साली शेवरॉनविरुद्ध निकाल लागला आणि २०१३ साली भरपाईची रक्कम साडेनऊ अब्ज डॉलरवर आली. २०१४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने तो निकाल लाचखोरी आणि फसवणुकीतून मिळवल्याचं ठरवलं, २०१८ मध्ये हेगच्या लवादानेही शेवरॉनच्या बाजूने कौल दिला. वकिलांबद्दल काय बोलायचं ते बोला. खड्ड्यातलं तेल मात्र कुठल्याच निकालाने हललं नाही.

टेक्साको आणि इक्वेडोर सरकार यांच्या १९९५च्या करारानुसार जी सफाई झाली, तिची कसोटी बघण्यासारखी आहे. मातीचा नमुना सौम्य आम्लाच्या पाण्यात सुमारे अठरा तास घुसळायचा आणि पाण्यात किती तेल उतरलं ते मोजायचं. मर्यादा ठेवली लिटरमागे १००० मिलिग्रॅम. कच्चं तेल पाण्यात मुळात इतकं विरघळतच नाही, त्यामुळे तेलाने माखलेली मातीही पास होऊ शकते. मातीत एकूण तेल किती आहे, हे मोजायला हवं होतं. पुढे कधीही ‘माती स्वच्छ’ असा अहवाल वाचलात तर आधी एवढं बघा: मोजलंय मातीतलं की घुसळलेल्या पाण्यातलं?

यातला सगळ्यात क्रूर भाग मिठाचा आहे. या जंगलात मीठ दुर्मीळ. टापीर, रानडुकरं, हरणं खारी माती चाटायला ठरावीक जागी येतात आणि शिकारी तिथे दबा धरतो. खारं पाणी सांडलेली जागा जनावरांना तशीच वाटते. पेरूच्या या पट्ट्यात संशोधकांनी लावलेल्या कॅमेऱ्यांत जनावरं तेलाने माखलेली माती चाटताना दिसली, शिकारीच्या मांसात शिसं सापडलं. नदीचं पाणी पिऊ नका, असं सांगता येतं. पण हंड्यात शिजणाऱ्या मांसाला पर्याय काय देणार? २००५ साली पेरूच्या आरोग्य खात्याने कोरिएन्तेसच्या आचुआर लोकांचं रक्त तपासलं. तपासलेल्या मुलांपैकी ९८ टक्क्यांहून जास्त मुलांत कॅडमियम मर्यादेपलीकडे होतं, जवळपास दोन तृतीयांश मुलांत शिसंही.

ऑक्टोबर २००६ मध्ये आचुआर बायामाणसं, मुलंबाळं तेलक्षेत्रात जाऊन बसली. जवळजवळ दोन आठवडे काम बंद. मग दोरिसा गावचा करार झाला आणि पाणी परत जमिनीत सोडायचं कंपनीने मान्य केलं. २००९ पर्यंत ते झालंसुद्धा! पस्तीस वर्षं जे परवडत नव्हतं ते तीन वर्षांत जमलं.

परत सोडणं म्हणजे काय? जुनी विहीर उलटी वापरायची. पाण्यातलं तेल आणि गाळ आधी काढायचा, नाहीतर खालच्या खडकाची छिद्रं बुजतात आणि दाब चढतो. हवा लागू द्यायची नाही, पाइप गंजतो. जिवाणूंचा बंदोबस्त करायचा. बेरियमचे, चुन्याचे थर धरतात ते काढायचे. दाब खडक फुटेल इतका वाढू द्यायचा नाही. केसिंगबाहेरचं (विहिरीच्या पोलादी नळीबाहेरचं) सिमेंट धड नसेल, तर तेच पाणी उलट वर येऊन विहिरींच्या, झऱ्यांच्या पाण्यात मिसळतं, म्हणून केसिंगची दाबचाचणी ठरलेल्या वेळी करायची. आणि पंप बंद पडला तर? विहिरी तर पाणी देतच असतात. जादा पंप आणि राखीव टाकी नसेल तर ओढ्याकडचा व्हॉल्व्ह उघडण्याचा मोह होतो. तो पाइपच कापून टाकायला हवा.

आचुआर तरुणांनी स्वतःचे निरीक्षक नेमले, जीपीएस आणि कॅमेरा घेऊन ते पाइपलाइनी पालथ्या घालू लागले. अशा कामात नमुना चुकला की पुरावा गेला. तेलासाठी गडद काचेची बाटली लागते, प्लास्टिकची चालत नाही. धातूंसाठी प्लास्टिकची, थोडं नायट्रिक आम्ल घालून. दोन्ही बर्फात, आणि बाटली कुणाकडून कुणाकडे गेली याची सही-तारखेसह नोंद. पाणी वाहून जातं, म्हणून तळाचा गाळही घ्यायचा. वाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते (मीठ जास्त तशी जास्त), ती मोजणारं साधं खिशातलं यंत्र फार उपयोगी पडतं. पावसावर पोसलेल्या ओढ्यात आकडा एकदम उसळला, तर वरच्या अंगाला खारं पाणी शिरतंय.

मुळात विहीर खणायची की नाही, हे विचारणं त्याच्याही आधी यायला हवं. इक्वेडोरच्या पास्तासा प्रांतात वाओरानी लोकांना २०१२ मध्ये असंच घाईघाईने ‘विचारलं’ होतं. २०१९ मध्ये न्यायालयाने ती विचारणा ग्राह्य धरली नाही आणि सुमारे १,८०,००० हेक्टर जंगल तेलासाठीच्या लिलावातून वाचलं. यासुनी या इक्वेडोरच्याच राष्ट्रीय उद्यानाबाबत तर ऑगस्ट २०२३ मध्ये अख्ख्या देशाने मतदान केलं, सुमारे ५९ टक्क्यांनी सांगितलं की तिथल्या ब्लॉक ४३ या तेलक्षेत्रातलं तेल जमिनीतच राहू द्या. टागाएरी आणि तारोमेनाने हे बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवणारे लोक त्याच जंगलात राहतात.

ब्लॉक ४३ मध्ये दोनशेहून जास्त विहिरी बंद करायच्या आहेत. विहीर बंद करणं म्हणजे तोंडावर झाकण ठोकणं नव्हे. आतली नळी उपसून तेलाच्या थरासमोर सिमेंटचा बूच, गोड्या पाण्याच्या थरांखाली दुसरा, वर तिसरा, प्रत्येकाची दाबचाचणी, मग केसिंग जमिनीखाली कापायचं. पहिली विहीर बंद व्हायला मतदानानंतर वर्ष लागलं. सरकारने पूर्ण कामासाठी २०२९ पर्यंतचा वेळ मागितलाय. तोवर उघड्या विहिरी पाणी देत राहतील.