−१३५ डीबीएमच्या सेन्सिटिव्हिटीबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तो किती क्षीण सिग्नल ऐकू शकतो, यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सिग्नल जनरेटरच्या (तपासणीसाठी ठरावीक ताकदीचा सिग्नल देणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर दिसतो तोच डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद) बाहेर येतो, दुहेरी शील्डच्या केबलचा आणि बाहेरच्या अटेन्युएटरचा (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या भागाचा) मी उगाच बाऊ करतो. पुरावा म्हणून तुम्ही लिहिलंत, की तुमच्या एफएम रिसीव्हरला साध्या केबलवर −१३५ डीबीएमला १२ डीबी सिनॅड (टोन नॉइज आणि डिस्टॉर्शनच्या किती वर आहे त्याचं माप) मिळतो.

तुमचा हा आकडा माझ्याच बाजूने बोलतोय. खोलीच्या तापमानाला उष्णतेचा नॉइज दर हर्ट्झला −१७४ डीबीएम असतो. तुमचा आयएफ फिल्टर (रिसीव्हर किती रुंद पट्टा ऐकतो ते ठरवणारा) १२ किलोहर्ट्झचा, म्हणून त्यात ४१ डीबी (१२,००० पट) मिळवा, आले −१३३. रिसीव्हरने स्वतःचा काडीचाही नॉइज घातला नाही असं धरलं (असा रिसीव्हर मिळाला तर मलाही हवाय!) तरी तुमचा सिग्नल नॉइजच्या २ डीबी खाली आहे. तिथे एफएम डिटेक्टर १२ डीबी सिनॅड देऊच शकत नाही. म्हणजे रिसीव्हरला सिग्नल जास्त मिळतोय, आणि तो वेगळ्या वाटेने येतोय.

जनरेटरचा ऑसिलेटर (सिग्नल तयार करणारा भाग) अटेन्युएटरच्या आधी बसलेला असतो आणि सेटिंग काहीही असो, पूर्ण जोरात चालतो. त्याची पातळी +१० डीबीएम धरा. त्याचा फक्त एक लाख कोटीवा हिस्सा खोक्याच्या फटीतून किंवा यूएसबीच्या वायरवरून निसटला, तरी ते −११० डीबीएम झाले. तुमच्या सेटिंगपेक्षा २५ डीबी वर. तुम्ही लेव्हल कितीही खाली आणा, ही गळती तेवढीच राहते.

खात्री करणं सोपं आहे. केबल काढा, जनरेटरच्या आउटपुटला आणि रिसीव्हरच्या इनपुटला वेगवेगळी ५० ओहमची टर्मिनेशन (टोक बंद करणारे रेझिस्टर) लावा. तरीही टोन ऐकू आला तर वाद मिटला. केबल जोडलेली असताना तिच्यावरून हात फिरवल्यावर सिनॅड हलला, तरी संशय घ्याच : गळती आणि खरा सिग्नल फेजप्रमाणे कधी मिळतात, कधी एकमेकांना खातात.

बाहेरचा अटेन्युएटर जनरेटरच्या आतल्या अटेन्युएटरला वळसा घालून आउटपुटवर येणारी गळती कमी करतो. हवेतून रिसीव्हरच्या खोक्यात शिरणारी नाही. तिला अंतर आणि चांगलं शील्डिंगच लागतं.

तुमच्या जुन्या जनरेटरवर −१०७ डीबीएमसमोर २ मायक्रोव्होल्ट छापलेत, ते ईएमएफ (लोड न जोडता मिळणारा व्होल्टेज) आहे. ५० ओहमच्या लोडवर १ मायक्रोव्होल्टच मिळतो.

आयएफ कॉइल पीक करायला (सिग्नल जास्तीत जास्त येईल अशी जुळवायला) यातलं काहीही लागत नाही, हे तुमचं म्हणणं मात्र अगदी बरोबर. तिथे कसलीही केबल चालेल. फक्त ट्रान्सीव्हर (ऐकणारा आणि पाठवणारा, दोन्ही) असेल तर माइक काढून ठेवा. चुकून पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबला गेला तर ५ वॉटसुद्धा जनरेटरचा अटेन्युएटर जाळायला पुरतात.