तक्रारीची रेषा कोणी आखली?
न्यूयॉर्कमधल्या एफएम ट्रान्स्लेटरांनी (दुसऱ्या केंद्राचे कार्यक्रम एफएमवर पुन्हा प्रक्षेपित करणारे छोटे ट्रान्समीटर) एएम रेडिओ केंद्रांना जीवदान दिलं, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण दुसरी बाजू राहिली. ट्रान्स्लेटर जेमतेम 250 वॅटचा, तरी उंच इमारतीवर बसवला की त्याच फ्रिक्वेन्सीवरचं दूरचं केंद्र आसपास ऐकूच येत नाही. एफएम रिसीव्हर जोरकस सिग्नलच धरतो. लाल दिव्याला गाडी थांबली की जॅझच्या जागी प्रवचन, चार फूट पुढे सरकली की पुन्हा जॅझ! नियमाने ट्रान्स्लेटर दुय्यम, त्रास झाला तर हटायचं त्यानेच. मात्र 2019 पासून एफसीसीला (अमेरिकेतली रेडिओ-दूरसंचार नियामक संस्था) ठरावीक संख्येने तक्रारी लागतात, त्याही साधारणपणे त्रास झालेल्या केंद्राच्या 45 डीबीयू रेषेच्या, म्हणजे सिग्नल ठरावीक ताकदीपर्यंत उतरतो त्या सीमेच्या, आतल्याच. रेषेबाहेरच्या जुन्या श्रोत्यांनी दाद कुठे मागायची?