आमची वर्ल्ड टूर, व्हाया कुर्ला

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक आहे. सुट्टीच्या दिवशी हौसेने छोटं विमान उडवणारा नव्हे, एके काळी चक्क प्रवाशांनी भरलेली बोइंग चालवून पगार घेणारा. २००८ साली या मंडळींनी एक बोइंग ७५७ भाड्याने घेतलं, मागच्या खुर्च्या काढून तिथे बारा टन सामान ठेवायची सोय केली, बाहेरून आपल्या एडी नावाच्या भुताचं चित्र रंगवलं आणि अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विमानावर कोटी करून त्याला नाव दिलं 'एड फोर्स वन'. चालवायला गायक होताच. ४५ दिवस, २३ कार्यक्रम, सुमारे ५०,००० मैल. एरवी एवढ्या मोठ्या बँडचं सामान आधीच मालवाहतुकीने पुढे धाडावं लागतं, त्यामुळे कोस्टा रिका किंवा मुंबईसारख्या आडवाटेच्या गावी जाणं हिशेबात बसत नाही. सामान पोटात घेऊन उडणारं विमान दारात असलं की बसतं. तर या सगळ्या उपद्व्यापाचा पहिलाच मुक्काम होता मुंबई. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी.

त्यांच्या टूरवर पुढे माहितीपट निघाला. त्याच दिवशी मीही एक टूर केली, डोंबिवली ते बीकेसी आणि परत. तिच्यावर कोणी काही काढलं नाही, म्हणून मलाच लिहावं लागतंय.

खरं तर बँड भारतात पहिल्यांदा आला तो त्याच्या आदल्या वर्षी, बंगलोरला. तारीख १७ मार्च. मी बँकेत. मार्च एंडिंगच्या तोंडावर बँकेतल्या माणसाला स्वतःच्या लग्नालाही रजा मिळत नाही. तरी मी साहेबांना 'बंगलोरला घरचं कार्य आहे' असं सांगून पाहिलं. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कोणाचं?" मी म्हटलं, "लांबचे आहेत." साहेब म्हणाले, "मग कार्य एप्रिलात ठेवायला सांगा." शाळेत असल्यापासून ज्यांच्या कॅसेटी टेपमध्ये अडकून पेन्सिलीने गुंडाळल्या, ते आपल्या देशात येऊन गेले आणि मी व्हाउचरवर शिक्के मारत बसलो. त्यामुळे फेब्रुवारीची बातमी आली तेव्हा मी आधी कॅलेंडर पाहिलं, मग तिकीट.

आमच्या घरी एडीची ओळख होती ती टी-शर्टमुळे. कवटीवर कातडं ताणलेला, डोळ्यांतून जाळ निघणारा तो चेहरा आजीने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "हा कुठला?"

"लंडनचा."

"खातपीत नाही वाटतं."

त्यानंतर तिने एकच नियम घातला. हा गृहस्थ तिच्या लुगड्याशेजारी दोरीवर वाळत पडणार नाही. मग तो न्हाणीघराच्या खिडकीत वाळायचा. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी त्या बाजूला पडदा शिवून घेतला.

टूरच्या आदल्या रात्री आजीने चौकशी केली. किती जण येणार आहेत? मी म्हटलं सहा, त्यातले तिघे गिटारवाले. "तिघे कशाला?" आजी म्हणाली. "एकाला येत नाही का?" मेडनचे चाहते जगभर या मुद्द्यावर हातघाईवर येतात, ती आजीने पान लावता लावता काढलेली शंका होती.

निघताना आईने हातात डबा दिला. आमच्याकडे तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, आणि आई हा हक्क शेवटच्या लाडवापर्यंत बजावते. तिचा चिक्कीच्या गुळाचा पाक दरवर्षी जरासा पुढे जातो. बाबा तो लाडू अडकित्त्याने फोडून खातात. "रात्रीपर्यंत उपाशी राहू नकोस," आई म्हणाली, "आणि कोणी भेटलं त्यांच्यातलं, तर दे."

शुक्रवारी दुपारी हाफ डे टाकून काळ्या टी-शर्टात लोकलला लटकणं हा प्रकार तितकासा कठीण नाही, कारण उलट दिशा. कठीण आहे कुर्ला पश्चिम. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग आणि त्या रांगेत निम्मे बँकांतले लोक, निम्मे आम्ही. रिक्षावाल्याने मागे आम्हा तिघांना आणि पुढे स्वतःच्या मांडीशेजारी चौथ्याला बसवलं. सिग्नलला त्याने आरशात माझ्या छातीवरचा एडी न्याहाळला आणि विचारलं, "कोई भूत का पिच्चर है क्या?" मी म्हटलं, गाण्याचा प्रोग्राम आहे. त्याने पुढचा सगळा रस्ता हॉर्न एकसुरात वाजवला. आम्हाला आवडेल असं वाटलं असावं.

मैदानाच्या गेटवर तपासणी होती. टेबलावर जप्त वस्तूंचा ढीग लागलेला: पट्टे, खिळे ठोकलेले मनगटपट्टे, लायटर, डिओडरंट, पाण्याच्या बाटल्या. बाजूला एका टोपलीत सुट्टी नाणी. नाणी का, तर फेकून मारतात. माझी पाण्याची बाटली पहिल्या झटक्यात गेली. मग सिक्युरिटीवाल्याने डबा उघडला.

"हे काय?"

"तिळगूळ."

त्याने एक लाडू चिमटीत धरून दाबला. मग पत्र्याच्या टेबलावर हळूच आपटला. जो आवाज आला त्याने शेजारच्या रांगेतली तपासणीही थांबली.

"साहेब," त्याने हाक मारली, "जरा इकडं या."

साहेब आले. दोघांत गंभीर चर्चा झाली. मुद्दा असा, की हा खाद्यपदार्थ म्हणून अडवायचा की फेकायची वस्तू म्हणून. नियम दोन्हीला लागू होता, पण ढीग वेगळे होते. मी म्हटलं, हो, खायचाच आहे, आईने केलाय. साहेब म्हणाले, "खाऊन दाखवा."

रांगेत माझ्या मागे भुवईत रिंग घातलेला, दंडावर ड्रॅगन गोंदलेला एक धिप्पाड पोरगा उभा होता. मी लाडू तोंडात टाकला आणि चघळायला लागलो. चघळत राहिलो. आतून साउंड चेकचे ड्रम ऐकू येत होते. धिप्पाड पोरगा हात जोडून म्हणाला, "भाई, निगल जा, प्लीज." शेवटी मी गाल फुगवलेल्या अवस्थेत बोटाने खुणावलं, की संपेल, होतंय. साहेबांना दया आली असावी किंवा संशय. त्यांनी स्वतः एक उचलला, "घ्या, गोड बोला" म्हणाले, दातांखाली धरला आणि लगेच गालावर हात ठेवला.

"जप्त," ते म्हणाले. "जाताना घेऊन जा."

बारा टन सामान इंग्लंडहून समुद्र, डोंगर आणि भारताचं कस्टम्स पार करून त्या मैदानात पोचलं होतं. माझा पाव किलो तिळगूळ गेटवर राहिला.

आत धूळ आणि माणसं. उभं राहायचं, बसायचं काही नाही. माझ्या पुढे कायम सर्वात उंच माणूस येतो, हा मी नशिबाचा भाग मानतो. या खेपेला त्याला केसही कमरेपर्यंत होते. शेजारी शिलाँगहून आलेला एक कॉलेजचा मुलगा होता. रेल्वेने आला होता, गुवाहाटीला गाडी पकडून. कुर्ला पश्चिमेच्या रांगेबद्दल मी जे काही रंगवून सांगायला सुरुवात केली होती, ते मी तिथेच आवरतं घेतलं. पाणी मिळत होतं, पण आधी एका रांगेत कुपन, मग दुसऱ्या रांगेत पाणी, आणि दुसऱ्या रांगेतल्याला वाटायचं की पहिलीच बरी होती.

मग दिवे गेले आणि चर्चिल बोलू लागले. हे मेडनच्या चाहत्यांना वेगळं सांगायला नको. त्या टूरचा प्रत्येक कार्यक्रम चर्चिल यांच्या १९४० सालच्या भाषणाने सुरू व्हायचा, किनाऱ्यांवर लढू वगैरे. मैदानातल्या सगळ्या पोरांना ते भाषण तोंडपाठ. मूठ आवळून, डोळे मिटून, गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणणाऱ्या माणसाबरोबर आख्खी मुंबई शब्द न शब्द म्हणत होती. माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला होते. मीही म्हणत होतो, आणि मोठ्याने.

पहिला स्वर पडला आणि पुढे काय झालं ते शब्दांत सांगणं अवघड आहे, एक तर ऐकू येणं बंद झालं म्हणून, आणि दुसरं म्हणजे केसवाला. तो डोकं हलवायला लागला की केस माझ्या तोंडात यायचे. तरी फटीफटीतून दिसत होतं. मागे इजिप्तचे पडदे, १९८४-८५च्या त्यांच्या गाजलेल्या टूरची आठवण म्हणून. आणि त्यासमोर डिकिन्सन. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धावतोय, पायऱ्या चढतोय, खालच्या मॉनिटरवर उडी मारतोय, गातोय. वय ४९. आमच्या शाखेत या वयाचे तिघे होते. तिघेही स्वेच्छानिवृत्तीच्या परिपत्रकाची वाट पाहत होते आणि लिफ्ट बंद असली की बाहेरच्या बाकावर बसून सह्या करत.

आता त्या गाण्याबद्दल. कोलरिज नावाच्या इंग्रज कवीची एक लांबलचक कविता आहे. एक खलाशी विनाकारण एक समुद्रपक्षी मारतो, मग वारा पडतो, जहाज समुद्रात खिळून बसतं आणि भोवती सगळं पाणीच असून प्यायला थेंब नाही म्हणून माणसं तडफडतात. बँडच्या बासवादक स्टीव्ह हॅरिसने या कवितेचं तेराएक मिनिटांचं गाणं केलंय. कुपनच्या रांगेतून कोरड्या घशाने परतलेल्या माणसाला या खलाशांबद्दल जी आपुलकी वाटते, ती इंग्रजीच्या प्राध्यापकांना वाटत नसणार. गाण्याच्या मध्यात सगळी वाद्यं थांबतात. धूर पसरतो. जहाजाची लाकडं करकरतात, तेवढाच आवाज. हजारो माणसं श्वास धरून उभी.

माझा फोन वाजला. त्या काळच्या नोकियाला लाज नव्हती.

"जेवलास का?" आई.

"नाही," मी कुजबुजलो.

"मग आवाज का येत नाही? संपलं का?"

"नाही गं. जहाज अडकलंय."

"काय अडकलंय?"

"जहाज. वारा पडलाय."

"अरे तू बीकेसीला आहेस ना?"

"हो. पाणी नाहीये प्यायला."

"समुद्रात कशाला गेलास तू?"

एवढ्यात वाद्यं परत सुरू झाली आणि डिकिन्सनने अशी काही आरोळी ठोकली की फोनवर मला आईचं शेवटचं वाक्य जेमतेम कळलं: "कोणाला लागलं का रे?" मग रेंज गेली. घरी बाबांनी तासभर टीव्हीवर बातम्या लावून ठेवल्या होत्या, असं नंतर कळलं.

दहाला सगळं थांबलं. जगभर सैतान, प्रलय आणि अणुयुद्ध गाणारी माणसं आपल्याकडे लाउडस्पीकरच्या वेळेत आवरतात, हे पाहून मला त्यांच्याबद्दल वेगळाच आदर वाटला. गेटवर डबा मिळाला. साहेबांनी उचललेला लाडूसुद्धा इमानाने परत ठेवला होता. त्याच्या एका अंगाला दातांचा व्रण उमटला होता, त्याहून अधिक नुकसान नव्हतं. शिलाँगच्या मुलाला मी डबा पुढे केला. तो एक लाडू गालात धरून कुर्ल्यापर्यंत चालत आला, आणि निरोप घेतानाही तो गालातच होता. रिक्षा अर्थातच एकही नव्हती. मिठी नदीवरून काळ्या कपड्यांतली एवढी मोठी दिंडी कोणी पाहिली नसेल. सगळे मोठमोठ्याने ओरडून बोलत होते, कारण कोणालाच ऐकू येत नव्हतं.

घरी आजी जागी होती. "काय रे, मग? ते तिघे?"

"दोघे उभे राहून वाजवतात," मी ओरडून सांगितलं, "तिसरा गिटार हवेत फेकतो, पाय उचलून नाचतो." जॅनिक गर्स उत्तम वाजवतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

"तरी मी म्हटलंच," आजी म्हणाली आणि दिवा मालवून झोपली.

शनिवारी सकाळी मला मानच नव्हती. म्हणजे होती, पण वर-खाली होत नव्हती. दोन तास सलग डोकं आपटल्यावर मानेचे स्नायू जे काही ठरवतात ते त्यांनी रात्रीत ठरवलं होतं. डावी-उजवीकडे थोडी वळत होती, तेही एका झटक्यात. शाखेत सहानुभूती भरपूर मिळाली. रोखपालांनी महानारायण तेल सांगितलं, शिपायाने उशी उन्हात टाकायला सांगितली, एका खातेदार काकांनी काउंटरच्या फटीतून हात घालून मान मोडून द्यायची तयारी दाखवली. कारण काय, तर मी म्हटलं, वजन उचललं. तिकडे ती मंडळी पर्थला निघाली होती. ४ तारखेला तिथे कार्यक्रम होता, म्हणजे ज्याची मान माझ्यापेक्षा कितीतरी जास्त हलली होती तो माणूस आता बोइंग घेऊन हिंदी महासागर ओलांडणार होता.

एक वाजता, शनिवारचा हाफ डे संपता संपता, साहेब टेबलाशी आले.

"ताळा जुळत नाहीये," ते म्हणाले. "थांबाल ना संध्याकाळपर्यंत? तुम्ही काय, नेहमी थांबताच."

मी नेहमीप्रमाणे होकार द्यायला गेलो. मान खाली जाईना. ती झटक्यात डावीकडे गेली, मग उजवीकडे. कळ मस्तकात गेली म्हणून माझे डोळे ताणले गेले आणि दातही दिसले असावेत.

साहेब एक पाऊल मागे सरले. नोकरीत रुजू झाल्यापासून मी त्यांना नाही म्हटलं नव्हतं, आणि अशा चेहऱ्याने तर नाहीच.

"असू दे, असू दे," ते घाईघाईने म्हणाले. "सोमवारी बघू."

मी दीड वाजताची डोंबिवली पकडली. बसायला जागा मिळाली.